चार टायर आणि माळ्यावरचा पाचवा

माझ्या मामाच्या खोलीत, माळ्यावर, गोणपाटात बांधलेला एक फुटका टायर बारा वर्षं पडून होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी टायरवाली. माझं दुकान त्याच्या खोलीपासून चाळीस पावलांवर. कुठल्या गाडीचं कुठलं चाक कधी बदललं हे मला झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन. पण काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

तो टायर माझ्या बाबांच्या गाडीचा होता. तो फुटला त्या दिवशी बाबांचा डावा गुडघा गेला आणि गाडी चालवणं कायमचं सुटलं. आणि तो आपल्या हातानं फुटला, आपण चोळलेल्या तेलानं फुटला, असं माझा मामा बारा वर्षं मनात धरून बसला होता. कोणाजवळ बोलला नाही. हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत असतं तर मी तोंड सांभाळून बोलले असते.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. टॅक्सीच्या यार्डात गाड्या धुतो, तीस वर्षं झाली. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "बावीस गाड्यांना आंघोळ घालतो, अजून कोणाचं करू?" यार्डाच्या मागच्या भिंतीला लागून मालकानं त्याला एक खोली दिली आहे. तिथे एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर वाळत टाकलेली फडकी आणि सगळ्याला तेलाचा वास. ड्रायव्हर त्याला पॉलिश म्हणतात. "पॉलिश, माझी आधी घे," "पॉलिश, आटप रे." त्याचं खरं नाव मालकाला तरी आठवतं की नाही, मला शंका आहे.

धुवायचा तो सगळी गाडी, पण त्याचा जीव चाकांत. पत्र्यावर पाणी मारलं की पत्रा चमकतोच, त्यात माणसाचं काय कौतुक, असं त्याचं म्हणणं. टायरला वेळ द्यावा लागतो. आधी पाणी, मग ताठ केसांचा ब्रश आणि साबण, पुन्हा पाणी, मग कोरडं फडकं, आणि एवढं झाल्यावर डबा उघडायचा. डब्यातलं मिश्रण त्याचं स्वतःचं आणि त्याची कृती तो कोणाला सांगत नसे. तशी ती त्याच्या एकट्यापुरतीच गुप्त होती. डिझेल आणि जुनं इंजिन ऑइल यांचा वास फाटकापर्यंत यायचा. जुन्या बनियनचा बोळा करून तो ते तेल टायरच्या बाजूला चोळायचा, म्हणजे रस्त्याला न लागणारा जो भाग, जिथे कंपनीचं नाव असतं, तिथे. गोल गोल, अजिबात घाई न करता. "रबराला तहान लागते गं," मी लहान असताना सांगायचा. "पाजलं नाही तर ओठासारखं फुटतं." टायरवर कधी कधी तपकिरी थर धरतो. त्याचा तर त्याला भयंकर राग. तो मळ समजून खसाखसा घासून काढायचा. अठ्ठ्याऐंशी चाकांत एका चाकावर तपकिरी ठिपका सापडला तर शपथ.

त्याला या कामात शाबासकी मिळाली ती एकदाच, आणि ती बाबांनी दिली. बाबा सात नंबरची गाडी चालवायचे. उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. कौतुक त्यांच्या तोंडून निघतच नसे. आईनं उभ्या जन्मात त्यांच्याकडून 'भाजी चांगली झाली' एवढंही ऐकलं नाही. अशा माणसानं एका संध्याकाळी चाकाशी उकिडवं बसलेल्या मामाला म्हटलं, "आज जरा जास्त चोळ. तुझ्या हाताची चमक असली की मालक वाकून बघतसुद्धा नाही." मामाला आभाळ ठेंगणं झालं. आठ दिवस तो ते वाक्य आल्यागेल्याला ऐकवत होता. आमच्याकडे जेवायला आला तेव्हा दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा आई म्हणाली, "कळलं रे बाबा, आता वरण घे."

नवव्या दिवशी सात नंबरचा पुढचा डावा टायर फुटला. भर दुपारी, सरळ रस्त्यावर. गाडी रिकामी होती म्हणून निभावलं. ती पुलाच्या कठड्यावर गेली आणि बाबांचा पाय पत्र्यात अडकला. मी तेव्हा वीस वर्षांची होते. दवाखान्याच्या बाकावर मामा माझ्या शेजारी बसला होता आणि आपले काळे पडलेले हात मांड्यांखाली दाबून ठेवत होता, एवढं मला आठवतं. मला वाटलं, थंडी वाजत असेल.

त्याच आठवड्यात यार्डातल्या नळावर हात धुता धुता एक ड्रायव्हर सहज बोलून गेला, "एवढं तेल पाजल्यावर रबर कुजणारच की." त्याच्या मनात काही नव्हतं. हात पुसले आणि तो विसरला. मामा विसरला नाही. गाडी दुरुस्तीला गेली तेव्हा त्यानं फुटका टायर भंगारातून उचलला, गोणपाटात बांधला आणि माळ्यावर टाकला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. फेकवला नाही आणि बघवलाही नाही.

तीन महिन्यांनी मालकानं बाबांना यार्डातल्या केबिनमध्ये बसवलं. फोन घ्यायचे, कोणती गाडी कुठे पाठवायची ते सांगायचं. केबिनची खिडकी बरोबर धुण्याच्या नळासमोर. बाबा तिथे बसायला लागले त्या दिवसापासून मामा त्यांना चहा नेऊन देऊ लागला, सकाळी दहाला आणि दुपारी चारला, ग्लासवर बशी झाकून. स्वतःच्या स्टोव्हवर केलेला. ना खाडा, ना उशीर. आम्हाला वाटायचं, केवढी ही माया मेहुण्यावर! मी तर चिडवायचे, "मामा, एवढं आईसुद्धा करत नाही हं." तो हसायचा आणि रिकामा ग्लास विसळायला घ्यायचा.

माझं म्हणाल तर मी टायरच्या धंद्यात पडले ते हौसेनं. एका मोठ्या दुकानात काम शिकले आणि मग यार्डाच्या फाटकाला लागून स्वतःचं टाकलं. बाई टायर बदलते म्हणून पहिले सहा महिने लोक नुसते बघायला यायचे. मग कामही यायला लागलं, आणि काम आलं तशी माझी जीभही सैल सुटली. लोकांनी विचारायचं आणि मी ठोकून द्यायचं. चार वर्षांपूर्वीच्या एका दुपारी मी रिमवरून एक हट्टी टायर उचकटत होते, घामानं डोळे चुरचुरत होते, आणि मामा येऊन टायरच्या थप्पीवर बसला.

"काय गं," तो म्हणाला, "तेल लावल्यानं टायरच्या बाजूला भेगा पडतात का?"

"पडतात ना," मी वर न बघताच म्हटलं. "तेलाचं नि रबराचं वैर. कोणीही सांगेल."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी हे कोणाकडून तरी ऐकलं होतं, त्यानंही कोणाकडून तरी ऐकलं असणार. डोळ्यांनी पाहिलेलं काही नाही. मामा "बरं" म्हणाला, थोडा वेळ बसला आणि उठून गेला. खांद्यावरचं फडकं तिथेच विसरला. असा तो कधी विसरत नाही, पण माझं लक्ष टायरमध्ये.

आठ दिवसांनी पुन्हा आला. माझ्या दुकानात मागच्या कोपऱ्यात चार नवे टायर धूळ खात पडले होते. मी मापात चूक करून मागवले होते आणि त्या मापाच्या गाड्या आता कोणी घेत नव्हतं. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. चारही एकाच कंपनीचे, एकाच आठवड्यात बनलेले.

"ते चार मला दे," मामा म्हणाला.

"काय करणार? झोपाळा टांगणार?"

"बघायचंय."

"काय बघायचंय?"

"भेगा पडतात का ते. तू म्हणालीस पडतात. तू पाहिल्यायस?"

पाहिल्या नव्हत्या. मी कोपऱ्यातून चारही टायर ओढून काढले.

ते माप एकाच गाडीला बसणार होतं, गल्लीच्या टोकाला ज्यांची लाँड्री आहे त्या बाईंच्या जुन्या व्हॅनला. चार टायर फुकट म्हटल्यावर लाँड्रीवाल्या बाईंनी आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग अट ऐकली आणि हसल्या. अट एवढीच, की दर सोमवारी व्हॅन यार्डात आणायची आणि टायरना मामाशिवाय कोणी हात लावायचा नाही. "माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही?" त्यांनी विचारलं. मामा गंभीरपणे म्हणाला, "त्यांना तर मुळीच नाही."

टायरच्या आतल्या अंगाला पिवळ्या रंगानं एक ते चार आकडे टाकले. एक नंबरला काहीही करायचं नाही, पाऊस पडला तर तेवढीच आंघोळ. दोन नंबरला पाणी आणि मऊ फडकं. तीन नंबरला बाजारात मिळतं ते बाटलीतलं टायर पॉलिश, दुधासारखं पांढरं, पाण्यात बनवलेलं. चार नंबरला मामाचा ताठ ब्रश आणि मामाचा डबा, जसं तो तीस वर्षं करत आला तसंच. ड्रायव्हरांनी लगेच बारशी केली: भुकेला, पाणीवाला, बाटलीवाला आणि पॉलिशचा लाडका. मी म्हटलं, असं चालणार नाही, पुढच्या चाकांवर वळणाचा ताण जास्त, आणि व्हॅन लाँड्रीपुढे उभी असते तेव्हा उजव्या बाजूला दिवसभर ऊन. मग दर तीन महिन्यांनी चाकांच्या जागा बदलायच्या असं ठरलं. मामानं ते तीन महिने कधी चुकवले नाहीत. मला वाटायचं, चार दिवसांचं खूळ आहे. खुळाला चार वर्षं लागली.

भेगा बघायची युक्तीही त्याचीच. काळ्या रबरावरची बारीक भेग डोळ्यांना दिसत नाही. लाँड्रीवाल्या बाईंकडे कपड्यांवर खुणा करायचा चपटा खडू असतो, तो त्यानं मागून घेतला. टायर कोरडा असताना बाजूवर खडू घासायचा आणि हलक्या हातानं पुसायचा. सपाट भागावरचा पुसला जातो, भेगेतला राहतो. जिथे भेग तिथे पांढरी रेघ. पहिलं वर्षभर एकही रेघ उठली नाही. मामाच्या चेहऱ्यावर उजेड दिसायला लागला होता. तिसऱ्या वर्षी चार नंबरवर दोन-तीन केसाएवढ्या रेघा आल्या. तो त्यांच्याकडे बघत बसला आणि व्हॅन घ्यायला आलेल्या बाईंना दोनदा हाक मारावी लागली.

मध्यंतरी एका टायर कंपनीचा माणूस दुकानात आला होता, त्याला मी खोदून खोदून विचारलं. आता मलाही चैन नव्हतं. तो म्हणाला, रबरात एक मेणासारखं द्रव्य घातलेलं असतं. चाक फिरतं, दबतं, तसं ते हळूहळू वर येतं आणि हवेपासून, उन्हापासून रबराला जपतं. टायरवर तपकिरी थर दिसतो तो त्यातलाच. डिझेलसारखं काही लावलं किंवा ताठ ब्रशनं घासत राहिलं की तो निघून जातो. पाण्यातलं पॉलिश फारसं बिघडवत नाही, फारसं सुधारतही नाही. खरा वैरी म्हणजे वय, ऊन आणि कमी हवा.

हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो नळाजवळ ब्रश धूत होता. त्यानं ब्रशकडे पाहिलं.

"म्हणजे तो तपकिरी मळ..."

"मळ नव्हता तो, मामा."

"आणि मी तीस वर्षं तो घासून काढतोय."

मी म्हटलं, त्या माणसाचं म्हणणं आहे, आपली व्हॅन काय म्हणते ते बघू. पण बाकीच्या गाड्यांना डबा लावणं त्यानं त्याच दिवशी बंद केलं. डबा राहिला फक्त चार नंबरपुरता, आणि तो लावताना त्याचं तोंड असं व्हायचं की बघवत नसे.

या वर्षी व्हॅनचे टायर खालून झिजले आणि उतरवायची वेळ आली. सोमवारची सकाळ होती. मी चारही टायर काढून यार्डात ओळीनं आडवे टाकले, बाहेरची बाजू वर. सहा-सात ड्रायव्हर जमले. पैजासुद्धा लागल्या असाव्यात. केबिनच्या खिडकीतून बाबा बघत होते. मामानं गुडघे टेकून चारही टायर कोरडे केले, खडू घासला, पुसला. भुकेल्यावर थोड्या बारीक रेघा. पाणीवाल्यावर तेवढ्याच. बाटलीवाल्यावरही तेवढ्याच; तिघांत डावंउजवं करता येत नव्हतं. चौथ्यावर मात्र काठाला धरून सगळीकडे पांढरं जाळं. कोणीतरी म्हणालं, "लाडकाच बिघडला की रे, पॉलिश!" आणि सगळे हसले. मीही हसले. मग मामाचा चेहरा दिसला.

त्यानं खडू खिशात ठेवला, नळावर हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले आणि खोलीकडे चालू लागला. दहा वाजून गेले होते. बारा वर्षांत पहिल्यांदा बाबांचा चहा चुकला.

मी मागोमाग गेले. तो खाटेवर उभा राहून माळ्यावरून काहीतरी ओढत होता. गोणपाटाचं बोचकं धप्पकन खाली पडलं आणि धूळ उडाली. त्यानं सुतळी सोडायचा प्रयत्न केला, गाठ सुटेना, मग मी दातांनी तोडली. आत काय आहे ते वासावरून कळलं. वरची काळी चमक जाऊन आता नुसता राखट रंग राहिला होता, आणि बाजूला हातभर फाटलेलं.

"सात नंबरचा," तो खाटेवर बसत म्हणाला. "पुढचा डावा. आता तू मोठी जाणकार झालीस. मला एकदाच काय ते सांग. हा मीच फोडला ना? दाजींचा पाय मीच मोडला ना?"

आणि मग मला एकेक उलगडत गेलं: दवाखान्यात मांड्यांखाली दाबलेले हात, ते दोन वेळचे चहाचे ग्लास, माझ्या दुकानात विसरलेलं फडकं. 'कोणीही सांगेल' म्हणाले होते मी. मला त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. रडू आवरलं ते एवढ्याचसाठी, की त्याला उत्तर हवं होतं, माझं रडू नको होतं.

मी टायर दारापाशी उजेडात नेला. तोंडाला येईल ते बोलायचं नाही, जे दिसेल तेच सांगायचं, असं मनाला दहादा बजावलं. टायरवर एका बाजूला चार आकडे कोरलेले असतात, आधी आठवडा, मग साल. मी ते पुसून वाचले. फुटला त्या दिवशी हा टायर नऊ वर्षांचा होता. टॅक्सीला नऊ वर्षं म्हणजे म्हातारपणाच्याही पलीकडे. मग बाहेरची बाजू बघितली. भेगा होत्या, चांगल्या खोल, खोटं कशाला बोलू. मग टायर उलटा केला.

"मामा, खडू दे."

आतली बाजू, जी गाडीच्या पोटाकडे तोंड करून असते. मी खडू घासला आणि पुसला. पांढऱ्या रेघाच रेघा. आणि फाटायला सुरुवात झाली होती तीही इथूनच, बाहेरून नाही.

"इथे कधी तेल लावलंस?" मी विचारलं.

"आत कोण लावतं? आत हात कुठे पोचतो?"

"ब्रश?"

"नाही."

"मग इथल्या भेगा कोणी पाडल्या? आणि फाटलंय ते इथून." मी त्याचा हात धरून टायरच्या पोकळीत घातला. "हे बघ, आतून गोल खरडल्यासारखं लागतंय ना? कमी हवेवर गाडी बरेच दिवस पळाली की असं होतं. बाजू दबते, तापते, आणि टायर म्हातारा असला की एक दिवस सोडून देतो. तुझं तेल चांगलं नव्हतं, ते आपण बाहेर बघितलंच. पण हा टायर तुझ्या तेलानं फुटला नाही."

तो आतली खरड बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपत राहिला. मग म्हणाला, "पण मी तर रोज बघायचो त्याला. भेगा मला कशा दिसल्या नाहीत?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि द्यायचं नव्हतं. ओला असताना घासला, पुसला की लगेच तेल लावलं. तेल भेगेत उतरलं की सगळं एकसारखं काळंभोर दिसतं. दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं. मी काही बोलायच्या आत दारात काठी वाजली.

बाबा. चहा आला नाही म्हणून बघायला आले होते, की टायर उतरवताना बघून काही मनात आलं म्हणून, मला ठाऊक नाही. त्यांची नजर टायरवर गेली आणि तिथेच अडकली. किती ऐकलं होतं त्यांनी कोण जाणे.

"हवा उतरायची त्याची," बाबा म्हणाले. "महिनाभर. रोज सकाळी मी भरत होतो."

मी म्हटलं, "बदलला का नाही मग?"

"मालकाची तपासणी होती. टायर बघितला असता तर गाडी उभी केली असती. लांबची फेरी होती, ती दुसऱ्याला गेली असती. माझं नेहमीचं गिऱ्हाईक." ते काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. "भेगा दिसत होत्या मला. म्हणून याला म्हटलं, आज जरा जास्त चोळ."

मामानं टायरमधून हात काढला आणि फडक्याला पुसला.

"मला वाटलं, तुम्हाला माझं काम आवडलं," तो म्हणाला.

बाबांनी मान खाली घातली. आणि माझा तोल गेला. "बारा वर्षं, बाबा! रोज दोनदा त्याच्या हातचा चहा प्यालात!" मी ओरडले. "'चूक माझी होती, भेगा मला दिसत होत्या', एवढं एकदा तोंडातून निघालं नाही तुमच्या?"

"तो असं धरून बसलाय ते मला कुठे ठाऊक होतं?"

"विचारलंत कधी?"

झाकली मूठ आता उघडली होती आणि तिच्यात नुसता भित्रेपणा निघाला. मला माझ्या बापाचा इतका राग कधी आला नव्हता, आणि त्याच वेळी काठीवर भार टाकून उभा असलेला तो म्हातारा पायही मला दिसत होता. राग कुठे ठेवावा ते कळेना. बाबा वळले आणि अंगण ओलांडून केबिनकडे गेले. मामा त्यांना थांबवायला उठला नाही.

"म्हणजे माझ्या तेलानं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"पण माझ्या चमकेमुळे कोणाला दिसलं नाही."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण एकदा ठोकून दिल्याची चार वर्षं मी बघितली होती. "ते खरं," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली. त्याच दिवशी डबा गटारात न ओतता माझ्याकडच्या जुन्या ऑइलच्या पिंपात आणून रिकामा केला आणि ताठ ब्रश पायऱ्या घासायला ठेवला. माळ्यावरचा टायर मी दुकानात घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून यार्डात नवा कायदा झाला. चाक धुवायचं, वाळू द्यायचं, खडू घासायचा, पुसायचा, आणि ड्रायव्हरला बोलावून दाखवायचं. त्यानं बघितल्याशिवाय पॉलिशची बाटली उघडायची नाही. ड्रायव्हर करवादले, वेळ जातो म्हणाले. शुक्रवारी मालक आला. गाड्यांच्या चाकांवर पांढरे पट्टे बघून त्याचं टाळकं सरकलं. "हे काय भूत करून ठेवलंयस, पॉलिश? चमक कुठेय?"

"चमक नंतर, मालक," मामा म्हणाला. "आधी वाकून बघा."

आणि मालक वाकला. दोन नंबर आणि एकोणीस नंबरचे टायर त्याच आठवड्यात माझ्याकडे बदलायला आले.

पण चहा थांबला होता. दहा वाजायचे, चार वाजायचे, मामा स्टोव्ह पेटवायचा, एकच ग्लास भरायचा आणि नळाच्या कठड्यावर बसून एकटा प्यायचा. केबिनच्या खिडकीत बाबा फोन कानाला लावून समोर बघत असायचे. पंधरा दिवस असेच गेले. आईनं दोघांनाही जेवायला बोलावून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका दुपारी मी हवेचा पाइप गुंडाळत होते आणि केबिनचं दार उघडलं. बाबा बाहेर आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास. केबिनमध्ये स्टोव्ह नाही; कोपऱ्यावरच्या दुकानातून मागवला असणार. ग्लासवर बशी झाकायची त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं. केबिनपासून नळापर्यंत तीसेक पावलं, धुण्याच्या पाण्यानं फरशी ओली, आणि डावा गुडघा न वाकणारा. प्रत्येक पावलाला ग्लास हिंदकळत होता आणि चहा त्यांच्या मनगटावरून त्या कडक इस्त्रीच्या बाहीत उतरत होता. दोन ड्रायव्हर बघत उभे राहिले. मी पाइप टाकला आणि धावले.

"थांब," मामा म्हणाला. तो सात नंबरच्या चाकाशी बसला होता, हातात खडू. उठला नाही, पण नजर बाबांवरून हलवली नाही. "येऊ दे त्यांना."

"अरे, पडतील मामा, फरशी ओली आहे."

"नाही पडणार. मी बघतोय ना." आणि मग हळू आवाजात, "बारा वर्षं मी गेलो गं. एकदा त्यांना येऊ दे."

मी थांबले. बाबांना किती वेळ लागला कोण जाणे, मला तो फार वाटला. ते आले, घाम पुसायला हात मोकळा नव्हता, आणि ग्लास पुढे केला. तळाला दोन घोट उरले होते. मामानं खडू खिशात ठेवला, दोन्ही हातांनी ग्लास घेतला आणि ते दोन घोट प्यायला. मग सरकून कठड्यावर त्यांच्यासाठी जागा केली.